कानात सांगितलेले सिनेमे

गुरुवार

नाशिकहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची म्हणजे आमच्या घरात आदल्या रात्रीपासूनच पळापळ. सासूबाई मात्र पहाटे चारला आंघोळ उरकून, शाल पांघरून, पर्स मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसलेल्या. नवऱ्याने विचारलं, "आई, सिनेमाला चाललोय की काशीला?"

"काशीला नेलंस कधी तू? जे मिळतंय ते पदरात पाडून घेते."

बेत असा होता. ठाण्यात चार दिवसांचा चित्रपट महोत्सव. नणंद, म्हणजे आमच्या ताई, नौपाड्यात राहतात. कोर्टातल्या नोकरीतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून रिकामा वेळ हा आपला शत्रू आहे असं समजून त्याच्यावर तुटून पडतात. पास त्यांनीच काढले, कोणता सिनेमा कुणी बघायचा याचा तक्ताही त्यांनीच केला. आम्ही पाच जण: सासूबाई, नवरा, मी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली लेक आणि सहावीतला धाकटा. धाकट्याच्या नावापुढे तक्त्यात तीनच सिनेमे होते. महोत्सवातले बरेचसे सिनेमे सेन्सॉरच्या प्रमाणपत्राशिवाय, सूट घेऊन दाखवतात. त्यामुळे अठराच्या खालच्यांना तिथे प्रवेश नाही. बालविभागातले तेवढे त्याचे. हे कळल्यावर त्याने देवळालीपर्यंत तोंड पाडलं, इगतपुरीला वडा खाल्ल्यावर ते पूर्ववत झालं.

ठाणे स्टेशनात पाय ठेवला की नवऱ्याच्या अंगात येतं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. दर वेळी. लेकीने त्याच्या आधीच शेवटचं वाक्य म्हणून टाकलं आणि आम्ही स्टेशनाबाहेरच्या सॅटिस पुलाखाली रिक्षाच्या रांगेत लागलो. ताईंसाठी द्राक्षांची पेटी आणली होती, ती कुणी धरायची यावरून दोन्ही पोरांचं भांडण तीन पेट्रोल पंप पुरलं.

संध्याकाळचा खेळ मूकपटाचा होता. महामार्गालगतच्या मॉलमधलं मल्टिप्लेक्स, पडद्याच्या डाव्या अंगाला सतरंजी टाकलेली, तिच्यावर पेटी आणि तबला घेऊन दोन तरुण मुलं. आधी सिनेमाची सुरुवात करणाऱ्या फ्रेंच ल्युमिए बंधूंच्या काही चिमुकल्या फिती दाखवल्या. त्यात ती स्टेशनात शिरणारी आगगाडी, जेमतेम मिनिटभराची. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएंच्या माणसाने पहिल्यांदा खेळ केला, एक रुपया तिकीट लावून. "तेव्हाचा रुपया म्हणजे काय समजतोस?" असं नवरा धाकट्याला सांगू लागला. धाकट्याने पॉपकॉर्नच्या पावतीकडे बोट दाखवलं. तिथे विषय संपला.

मग फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन'. मौज अशी की फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत केल्यावर बिऱ्हाड घेऊन नाशकात आले आणि पुढचे सिनेमे तिथेच काढले. आमच्या गावात काढलेला सिनेमा बघायला आम्ही दीडशे किलोमीटर आलो होतो. कृष्णाचं काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलंय. सुरुवातीला ती कॅमेऱ्यासमोर नुसतेच हावभाव करून दाखवते: हसणं, रुसणं, घाबरणं. आई, म्हणजे सासूबाई, पुढे सरकून बसल्या. "पोरगी आहे होय ती! गुणाची आहे. कॅमेऱ्याकडे बघतच नाही." बघत होती, चांगली टक लावून बघत होती, पण मी बोलले नाही.

या सिनेमात भाषेची अडचण नव्हती. गोष्ट आईंना पाठ. त्या धाकट्याच्या कानाला लागून सगळं आधीच सांगत होत्या. "आता चेंडू जाईल. आता उडी मारेल बघ." कृष्णाने उडी मारली, तबलेवाल्याने दणकून तिहाई घेतली आणि पाण्याखालच्या मारामारीला धाकट्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. शंभर वर्षांहून जुना रबरी नाग. घरी जाताना रिक्षात तो म्हणाला, "सीजी बरं होतं." इतक्या गंभीरपणे, की कुणाला हसताही येईना.

शुक्रवार

आज धाकट्यासाठी काहीच नव्हतं. म्हणून बाप-लेक तलावपाळीला. आम्ही चौघी मॉलकडे.

रात्री मिळालेला वृत्तांत थोडक्यात: मासुंदा तलावात बोटिंग, कौपीनेश्वराचं दर्शन, मग मामलेदार मिसळ. धाकट्याने कमी तिखट मागवली आणि बाबांच्या ताटलीतली तर्री मर्दानगी म्हणून चाखली. बाकी तपशील मी विचारला नाही. नवऱ्याचं दुःख वेगळंच. दुपारी 'बायसिकल थीव्ह्ज' होता. भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरला, तेव्हा तो दाखवला होता आणि इथल्या सिनेमावाल्यांची डोकी त्याने फिरवली, हे नवरा पुण्यात शिकत असल्यापासून सांगतोय. स्वतः पाहिलाय तो एकदाच, कुणाच्या तरी खोलीत, लहानशा टीव्हीवर. आज मोठ्या पडद्यावर बघायचा म्हणून धाकट्याला घरी शेजारच्या काकूंकडे सोपवून तो धापा टाकत आला, पाऊण तास रांगेत उभा राहिला आणि दार उघडल्यावर कळलं की ही रांग शेजारच्या पडद्याची आहे. हॉल बदलल्याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला होता. त्याचा फोन बोटीत भिजलेला. इटालियन बाप दिवसभर सायकल शोधत हिंडला आणि आमचा बाप हॉल. तिथे मात्र मला हसू आवरलं नाही, आणि ते त्याने अजून माफ केलेलं नाही.

आमच्या वाट्याला 'कोर्ट' होता. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ सालचा. व्हेनिसला गाजला, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. मी पूर्वी पाहिला होता. तेव्हा मला तो फार संथ वाटलेला: कॅमेरा एका जागी ठेवलाय, माणसं येतात, बोलतात, जातात, तो आपला तिथेच. एका शाहिरावर खटला. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला, असा आरोप. मग तारीख, पुन्हा तारीख.

पण या वेळी माझ्या शेजारी ताई होत्या. सगळं थिएटर गप्प आणि ताई एकट्या हसतायत! सरकारी वकीलबाई एका सुरात, श्वास न घेता कलमं वाचत सुटल्या, ताई हसल्या. न्यायाधीश साक्षीदाराचं म्हणणं आपल्या शब्दांत टायपिस्टला सांगतात, तेव्हा ताईंची उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली. मी खाली बघितलं. खरंच टाइप करत होत्या. एका बाईने बिनबाह्यांचे कपडे घातलेत म्हणून तिचं प्रकरण त्या दिवशी ऐकूनच घेत नाहीत, तिथे समोरची मुलं हसली आणि ताई मात्र हसल्या नाहीत.

मध्ये ती वकीलबाई लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. आई हळूच म्हणाल्या, "हिला काय वाईट म्हणायचं गं? माझ्या मुलीसारखीच आहे." हा सिनेमा मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असा सरमिसळ आहे, त्यामुळे आईंना अर्धाअधिक सरळ कळत होता. इंग्रजी आलं की लेक कानात सांगायची. मागच्या रांगेतून एकदा "शूऽ" झालं. आईंनी मागे वळून त्या गृहस्थांना सांगितलं, "मला इंग्लिश येत नाही हो." ते ओशाळले. मध्यंतर नव्हतंच, पण संपल्यावर त्यांनी आईंसाठी दार धरून ठेवलं.

बाहेर पडल्यावर ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. कॅडबरीच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा म्हणाल्या, "शेवटी कोर्टरूमचे दिवे घालवतात ना, तो शिपाई अगदी बरोबर क्रमाने घालवतो." एवढंच. अडतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईचं परीक्षण.

शनिवार

सकाळी सगळे मिळून किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम', १९८७ चा इराणी सिनेमा, बालविभागात. थिएटरात बिस्किटांचा वास आणि कुणाचं तरी रडणारं बाळ. गोष्ट एवढीशी: अहमदने शेजारच्या मुलाची वही चुकून घरी आणलीय. उद्या गृहपाठ वहीत केला नाही तर मास्तर त्या मुलाला शाळेतून काढणार. म्हणून अहमद डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात त्याचं घर शोधायला जातो. घर सापडत नाही.

इथे एक गंमत झाली. लेक भाषांतर सांगायला आईंच्या कानाशी वाकली, तेवढ्यात आईच तिला म्हणाल्या, "दफ्तर म्हणतोय तो. दफ्तर राहिलं." लेक चमकली. खालच्या इंग्रजीत 'नोटबुक' होतं. फारसीत वहीला दफ्तरच म्हणतात. तो शब्द आपल्याकडे आला, फुगला आणि वह्या ठेवायची पिशवी झाला. मग आई शिकारीच झाल्या. 'दोस्त' पकडला. दर दोन मिनिटांनी कोपर मारून एखादा शब्द लेकीला दाखवायच्या. त्यातले निम्मे चुकीचे होते, पण त्या वयात असा आत्मविश्वास मिळाला तर कोण सोडतं?

अहमदची आई अंगणात कपडे धुतेय. तो सांगतोय, वही द्यायचीय, वही द्यायचीय. ती म्हणते, आधी गृहपाठ कर. बाळाला झोका दे. पुन्हा सांगतो. पुन्हा तेच. धाकटा मोठ्याने म्हणाला, "ऐकतच नाहीये ती त्याचं!" आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या तीन आयांनीही आपापल्या पोरांकडे पाहिल्याचं मला अंधारातसुद्धा दिसलं.

डोंगरावरची ती नागमोडी वाट आणि माथ्यावरचं एकटं झाड. अहमद ती वाट पुन्हा पुन्हा पळत चढतो. तिसऱ्यांदा चढला तेव्हा आई पुटपुटल्या, "पाणी तरी द्या रे कुणी." शेवटी मुलगा काय करतो ते इथे सांगत नाही. धाकट्याने जागेवर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दुपारी जेवून सगळे लवंडले. ताईंचं घर म्हणजे नौपाड्यातली जुनी तीन मजली इमारत, समोर पुनर्विकासाची जाळी लावलेली दुसरी. ताईंच्या इमारतीचंही ठरतंय म्हणे. त्या विषयावर अर्धा तास गेला, तो वगळते.

संध्याकाळी ओझूचा 'टोकियो स्टोरी'. १९५३ चा, जपानी, काळा-पांढरा, सव्वादोन तासांहून थोडा मोठा. धाकटा बापाबरोबर घरी. बाप कालच्या धक्क्यातून सावरला नव्हता. बसायचा क्रम असा झाला: मी, आई, लेक, ताई. कुणी ठरवला नव्हता.

म्हातारा-म्हातारी ओनोमिचीहून टोकियोला मुलांकडे येतात. थोरला मुलगा डॉक्टर, मुलीचं केसांचं पार्लर. दोघांनाही वेळ नाही. वेळ काढते ती सून, तीही युद्धात गेलेल्या मुलाची बायको, विधवा, नोकरी करणारी, एका खोलीत राहणारी. शेजाऱ्यांकडून साके मागून आणून सासऱ्यांपुढे ठेवते.

लेक अगदी हळू, पण स्पष्ट सांगत होती. या दोन दिवसांत तिची पद्धत बसली होती. आधी नाव, मग वाक्य. पार्लरवालीचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी चांगला महागाचा केक घेऊन येतो, तर बायको त्यालाच सुनावते: एवढं महागाचं कशाला, त्यांना बिस्किटं चालली असती. आणि स्वतः तो केक खाते. लेकीने हे सांगितल्यावर आई खुदकन हसल्या. ताई हसल्या नाहीत, पदर सावरून बसल्या.

ओझूचा कॅमेरा खाली असतो, जमिनीपासून जेमतेम दीड-दोन फुटांवर. पुस्तकात याच्यावर पानंच्या पानं असतात. आईंनी दहाव्या मिनिटाला निकाल दिला: "हा दाखवणारा मांडी घालून बसलाय." पन्नास वर्षं पाटावर बसून घर पाहिलेल्या बाईला तो कोन ओळखीचा असणारच. आणि तो म्हातारा, चिशू र्‍यू, तेव्हा पन्नाशीचासुद्धा नव्हता हे मी नंतर सांगितलं तर त्यांना पटेना. "उठताना हात टेकायचा विसरत नाही तो. पन्नाशीचा कसा असेल?"

मुलं आईबापांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवून देतात. मौजेखातर नव्हे, घरात अडचण नको म्हणून. तिथे रात्रभर गोंगाट, दोघांना झोप नाही. सकाळी बंधाऱ्यावर बसलेली दोघं, म्हातारी उठताना जरा लटपटते. माझ्या डाव्या हाताखाली आईंचं मनगट होतं. ते तिथे होतं हे मला तेव्हाच कळलं.

दुसरं एक दृश्य: आजी लहान नातवाला घेऊन माळावर जाते. मोठेपणी काय होणार रे तू, तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन का, असं विचारते. नातू गवत उपटत राहतो, उत्तर देत नाही. लेक सांगता सांगता थांबली, नाक ओढलं, पुन्हा सांगू लागली.

मग म्हातारी जाते. अंत्यविधीनंतरचं जेवण. पार्लरवाली जेवता जेवता काहीतरी बोलते, धाकटी बहीण आत जाऊन बघते. लेकीचं तोंड आईंच्या कानाशी होतं, पण आवाज काही माझ्यापर्यंत आला नाही. ताई समोर बघत होत्या. अगदी शेवटी सासरे सुनेला आपल्या बायकोचं घड्याळ देतात आणि म्हणतात, पोटच्या मुलांपेक्षा तूच आमचं जास्त केलंस. तेही लेकीने सांगितलं की नाही मला ठाऊक नाही. मी रुमालात होते.

दिवे लागल्यावर कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. चपला शोधायचं निमित्त बरं असतं.

खाली आल्यावर ताई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." पाऊण तासाने घरी आल्या त्या मोठा पांढरा खोका घेऊन. राम मारुती रोडच्या अलीकडच्या कुठल्याशा बेकरीतला, पिस्ते आणि गुलाबाच्या पाकळ्या लावलेला, किंमत विचारू नये असा केक. वाढदिवस कुणाचाच नव्हता. ताईंनी तो टेबलावर ठेवला, सुरी आणली, पहिला तुकडा आईंच्या बशीत घातला आणि उभ्याच राहिल्या.

आईंनी चमच्याने पाकळी बाजूला सारली. एक घास खाल्ला. मग चेहरा अगदी कोरा ठेवून म्हणाल्या, "एवढं महागाचं कशाला गं? मला खारी चालली असती."

दोन सेकंद शांतता. मग ताईंना असं हसू फुटलं की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. हसता हसता डोळे पुसत होत्या, पुसता पुसता पुन्हा हसत होत्या. नवरा आणि धाकटा बघतच राहिले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

रविवार

सकाळी शेवटचा, 'द रेड बलून', १९५६. एक फ्रेंच मुलगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा लाल फुगा, चौतीस मिनिटं, संवाद नसल्यातच जमा. लेकीला सुट्टी. आईंना डुलकी लागली. धाकट्याने बाहेर पडल्यावर फुगा मागितला नाही याचंच मला आश्चर्य वाटलं. दुपारी कपडे भरणं, डबा, चार वेळा मोजलेल्या बॅगा. ताईंनी स्टेशनपर्यंत यायचा हट्ट धरला आणि फलाटावर आईंच्या हातात खारीचा पुडा ठेवला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "वाटेत खा," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळची पंचवटी गच्च भरलेली. कल्याण गेलं, अंधार झाला. कसाऱ्याला गाडी थांबली, घाटात मागून रेटणारी बँकर इंजिनं लागल्याचा हिसका बसला आणि घाट सुरू झाला. नवरा घोरत होता. धाकटा त्याच्या खांद्यावर. आई खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेल्या.

लेक माझ्या कानाशी आली. "आई, एक सांगू? काल मी आजीला सगळं नाही सांगितलं. ते जेवणाच्या वेळी मुलगी आईचे किमोनो मागते ना, ते मी गाळलं. आत्या शेजारी होती. मला कसंतरीच वाटलं."

"बरं केलंस," मी म्हटलं.

"लुगडं मागत होती ती," आई डोळे न उघडता म्हणाल्या.

आम्ही दोघी गप्प.

"आई गेल्यावर लेकी काय मागतात ते कळायला जपानी कशाला यायला हवं?" त्यांनी शाल मानेपर्यंत ओढली. "माझी हिरवी पैठणी कुणाला द्यायची ते मी कधीच लिहून ठेवलंय. कपाटात, खालच्या कप्प्यात."

कुणाला, ते विचारायची ना माझी छाती झाली, ना लेकीची. बोगद्यात गाडीचा आवाज दुप्पट झाला. आईंनी चाचपडत पुडा उघडला आणि एक खारी माझ्या हातावर, एक लेकीच्या हातावर ठेवली.